सात माथ्यांचा नकाशा

लातूर जिल्हा नवा झाला त्या काळात माझी नांदेडहून तिथे बदली झाली. कचेरीत टेबलं होती, पण खुर्च्या यायच्या होत्या. जुन्या जिल्ह्यातून आलेल्या दप्तरांच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही कारकून फायली लावायचो. बाहेर लागोपाठ दुसऱ्या वर्षी दुष्काळ. भाड्याच्या खोलीत मी एक बादली पाणी दोन दिवस पुरवत होतो, आणि अशा दिवसांत डोंगर चढायची तयारी करत होतो.

किनवटच्या वसतिगृहात मी सहा वर्षं काढली. आमचं गाव लोहा तालुक्यातलं, सपाट. वसतिगृहाच्या अंगणातून उत्तरेला डोंगराची लांब धार दिसायची, एकामागे एक सात माथे. वर जायची आम्हाला मनाई होती, म्हणून मी ते नुसते मोजायचो. नोकरी लागल्यावर मनाई करणारं कुणी उरलं नाही. मग ठरवलं, पहिल्या माथ्यावर चढायचं आणि खाली न उतरता धारेनंच सातव्यापर्यंत जायचं. चार दिवसांची चाल.

सोबतीला दोघं होते. एक माझा मित्र. नांदेडला आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेला, म्हणजे टँकर, विहिरी, बोअर यांच्या कामाला होता. घरचे उदगीरचे व्यापारी, पण ह्याला दुकानात बसायचं नव्हतं. दुसरे कॉलेजात भूगोल शिकवणारे सर. त्यांनी कुठून तरी त्या इलाख्याचा सर्व्हेचा नकाशा मिळवला होता. दर दुसऱ्या रविवारी मी एसटीनं नांदेडला जायचो आणि आम्ही तिघं तो नकाशा सतरंजीवर पसरून ओणवे व्हायचो.

सगळं अडत होतं पाण्यावर. सर समोच्च रेषांवरून बोट फिरवत म्हणायचे, "हा नाला आहे. नकाशात आहे. पण या वर्षी त्यात दगडांशिवाय काही नसणार." चार दिवसांचं पाणी पाठीवर नेणं शक्य नव्हतं. धपाटे, गूळ, शेंगदाण्याची चटणी, दोर, घोंगड्या, सगळ्याचा हिशोब लागला, पाण्याचा लागेना.

"मी जाऊन बघतो," मी म्हणालो. "तिथली बोली मला कळते."

दोन दिवसांची रजा टाकून मी मुदखेडला गाडी बदलली, किनवटला उतरलो आणि चालायला लागलो. तिसऱ्या आणि चौथ्या माथ्याच्या मधल्या खिंडीत कोलाम आदिवासींचं पोड होतं, म्हणजे दहा-बारा झोपड्यांची वस्ती. माझ्याजवळचं पाणी सकाळीच संपलं होतं. जीभ टाळ्याला चिकटलेली. पहिल्या झोपडीसमोर एक म्हातारी टोपली विणत बसली होती. तिनं मला नुसतं पाहिलं, आत गेली आणि तांब्या आणून हातात दिला. कोण, कुठला, कुणाचा, काही विचारलं नाही. माझ्या गावात दुष्काळात आई मला घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची आणि कुणी तरी वरून ओतेल म्हणून वाट बघायची. मला तांब्याला तोंड लावायचा धीर होईना. म्हातारीला वाटलं, मलाच तिचं पाणी चालत नाही.

"बाटत न्हाई बापू, पी," ती म्हणाली.

मी प्यालो. थंडगार होतं. विचारलं, "माय, पाणी कुठलं? आम्ही तिघं धारेनं चालत येणार आहोत."

तिनं टोपली पुन्हा हातात घेतली. संध्याकाळी स्वतः घेऊन गेली. खिंडीखाली शंभरेक पावलांवर, उंबराच्या मुळांखाली, कपारीतून झिरपून एक डबकं भरत होतं. वरून झाकायला सपाट दगड. "आमचं सारं पोड ह्याच्यावरच हाय," ती म्हणाली. "तुम्ही तिघं या, प्या, जा. पण कागदावर लिहू नको."

"का?"

"कागद घेऊन आले होते मागं. जंगल मोजलं. मंग सरपणाला बी चिठ्ठी लागाय लागली."

मी म्हणालो, "नाही लिहीत, माय." खरंच तसं मनात होतं.

नांदेडला आलो. दोघं वाट बघत होते. मी बूटसुद्धा काढले नाहीत. सरांची निळी पेन्सिल उचलली आणि खिंडीखाली गोल काढला. बाजूला लिहिलं, 'बारमाही झिरा'. दोन दिवस उन्हात मी चाललो होतो आणि ते दोघं माझ्याकडे कौतुकानं बघत होते. म्हातारीला दिलेला शब्द तेव्हा मला आठवला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवला होता. वाटलं, आपल्याच माणसांत आहे, काय बिघडतंय.

"लई भारी काम केलंस," मित्र म्हणाला. नकाशा त्याच्याकडेच राहिला, कारण निघायचं नांदेडहून होतं.

तीन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं की टंचाईच्या कामामुळे रजा मिळत नाही, बेत पुढे ढकलू. मी समजून घेतलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो खुशीत होता. चहा टाकतानाच सांगायला लागला. किनवटकडच्या तीन गावांना टँकर कुठून भरायचे याचा प्रश्न पडला होता, मीटिंगमध्ये सगळे माना खाली घालून बसले होते, आणि ह्यानं उठून जागा सांगितली.

"साहेब म्हणाले, तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हणालो, सर, मी डोंगर फिरणारा माणूस आहे."

"तू फिरला नाहीस," मी म्हणालो.

"अरे, आता ते काय धरून बसतोस?"

"ते पाणी पोडाचं आहे. मी म्हातारीला शब्द दिला होता."

त्यानं गॅस बारीक केला. "तीन गावं तहानलेली होती. ती माणसं न्हाईत का? दहा झोपड्यांसाठी तीन गावं मारायची? आणि शब्द तू दिला होतास, मी नाही. नकाशावर लिहिलं कुणी?"

चहा तसाच ठेवून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी किनवटला गेलो. खिंडीपर्यंत बुलडोझरनं रस्ता ओढला होता. मला वर जायला पाऊण दिवस लागला होता. आता टँकर सरळ वर चढत होता. उंबर तोडला होता. कपार फोडून सिमेंटचा हौद बांधला होता आणि त्यावर डिझेल इंजिन धडधडत होतं. पोडातल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. टँकर भरला की मग त्यांची पाळी. कुणी त्यांना लांब उभं राहा म्हटलेलं नव्हतं. इंजिनवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत त्या आपणच उभ्या होत्या. तसं उभं राहणं मला नवीन नव्हतं.

ड्रायव्हर बिडी ओढत होता. मी विचारलं, "कोणत्या गावाला नेता?"

"गावाला एक खेप," तो म्हणाला. "बाकी बांधकामावर. ठेकेदाराचं काम चालू हाय तालुक्याला. कुणाला सांगू नका साहेब, आपल्याला फक्त चालवायचं."

म्हातारी त्या बायकांत होती. तिनं मला ओळखलं. मला वाटलं शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. तिनं फक्त विचारलं, "तुमचे ते दोघं आले न्हाईत?"

"नाही, माय."

"या मग," ती म्हणाली आणि इंजिनकडे बघत राहिली.

लातूरला येऊन मी नांदेडच्या कचेरीला सविस्तर अर्ज लिहिला. टँकरच्या खेपा, बांधकाम, पोड, सगळं. महिन्यानं उत्तर आलं ते मला नाही, माझ्या साहेबांना. सदर कर्मचाऱ्याचा या विषयाशी संबंध नाही, त्याचा खुलासा घ्यावा. मी खुलासा लिहिला. लिहिलं की पुन्हा असं होणार नाही. नोकरी नवीन होती, आणि माझ्या पगाराकडे डोळे लावून घरात पाच माणसं बसली होती. हे कारण खरं आहे. पण ते पुढे करायला मी जी घाई केली, तिची मला आजही लाज वाटते.

उन्हाळा निम्मा सरला तेव्हा हौद कोरडा पडला. इंजिन उचलून नेलं. पोड खिंडीतून खाली आलं आणि रेल्वेच्या रुळाजवळ ताडपत्र्या टाकून राहिलं. हे मला वसतिगृहातल्या एका जुन्या शिपायानं सांगितलं. म्हातारीचं विचारलं तर त्याला ठाऊक नव्हतं. मी जाऊन बघितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी विद्यार्थी घेऊन ती चाल पूर्ण केली. सातही माथे. परत आल्यावर त्यांनी मला आनंदानं पत्र लिहिलं, "तुम्ही आखलेला मार्ग अचूक निघाला. खिंडीपर्यंत आता रस्ता आहे, त्यामुळे पाणी जीपनं वर पोचवलं." त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना अभिनंदनाचं कार्ड पाठवलं.

मित्र चढत चढत मोठ्या हुद्द्यावर गेला. त्याच्या निवृत्तीच्या जेवणाला मला बोलावणं आलं. मी गेलो. भाषणात त्यानं तरुणपणीचे किस्से सांगितले. "आम्ही एकदा सात डोंगर चढायला निघालो होतो, तयारीतच वर्ष गेलं, चढलो एकही नाही," असं म्हणून त्यानं माझ्याकडे हात केला. सगळे हसले. मीही हसलो. पंगतीत त्यानं स्वतः येऊन मला आग्रहानं जिलेबी वाढली. मी नको म्हणालो नाही.