पंचनाम्यातले गुलाबी खडे

संपादक महोदय,

वाचकांच्या अतर्क्य अनुभवांच्या आपल्या या सदराविरुद्ध मी यापूर्वी दोन वेळा लेखी हरकत नोंदवली आहे. पहिल्या पत्रात मी येथील मजकुराला ‘पुराव्याविना केलेले कथन’ म्हटले होते. दुसऱ्यात शब्द अधिक कडक होते. दोन्ही पत्रांच्या स्थळप्रती माझ्याजवळ आहेत आणि त्यांतील एकही शब्द मी मागे घेत नाही. मी जन्मभर न्यायालयाच्या कचेरीत मुद्देमालाचा कारकून होतो. जप्त झालेली वस्तू सीलबंद ठेवायची आणि मागितली जाईल तेव्हा जशीच्या तशी हजर करायची, हे माझे काम. सील शाबूत असेल तर आतली वस्तू बदलत नाही, या एका गृहीतावर माझा संसार चालला.

म्हणूनच पुढचे लिहिताना मला लाज वाटते आहे... पण लिहिणे भाग आहे.

आम्ही नागपुरात बेसा येथे राहतो. माझा मुलगा अनिकेत एकतीस वर्षांचा होता. रामटेकच्या पलीकडे जुने मालगुजारी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेले, तलाव आहेत. त्यांच्या हद्दी मोजण्याचे काम तो एका खासगी कंपनीसाठी करीत असे. धानाच्या बांध्यांतून, चिखलातून जावे लागे म्हणून त्याने चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी जीप घेतली होती. कंपनीचा लॅपटॉप, मोजणीचे यंत्र, बॅटऱ्या — सगळे त्याच्या ताब्यात. ते ठेवण्यासाठी त्याने महादेव फॅब्रिकेटरकडून पोलादी पेटी करून घेतली. पेटी जीपमध्ये बसवली त्या दिवशी मी अंगणात उभा होतो.

“बँकेचा लॉकर घेऊन फिरणार आहेस का?” मी विचारले.

“बाबा, तुमचंच खातं चालवून राहिलो मी. मुद्देमाल!”

महादेव हसला. मी हसलो नाही. मग अनिकेतने मला प्रत्येक गोष्ट दाखवली. पेटी मागच्या टोकाला ठेवली तर यंत्रांना धक्के जास्त बसतात, म्हणून ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, अगदी खाली. बोल्टची तोंडे पेटीच्या आतून, म्हणजे बाहेरून पाना लागणारच नाही. झाकणाच्या काठाला रबराची पट्टी, आत जाड फोम, आणि प्रत्येक यंत्राला त्याच्या मापाचा खळगा. समोरच्या काचेवर पेटीतल्या बॅटरीवर चालणारा छोटा कॅमेरा होता; त्याचे चित्रण आणि आवाज साठवणारे यंत्रही पेटीतच, कारण काचेवरचे कोणीही काढून नेऊ शकते.

“आणि कुलूप तर दोन-दोन,” मी म्हणालो. “चोराची इतकी भीती?”

“चोर एखाद्या वेळी येते बाबा. ओल रोजची आहे.”

त्या ओलीसाठी त्याने ओल शोषणारे सिलिकाचे खडे आणले होते. कोरडे असले की निळे, ओल प्याले की गुलाबी. ते ठेवायला हिने — म्हणजे माझ्या पत्नीने, शैलाने — माझ्या कचेरीच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्यांचे सात लहान बटवे शिवले. दर दुसऱ्या रविवारी, सकाळच्या चहानंतर, अनिकेत ते खडे मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करायचा. पोळ्यांचा तवा यासाठी वापरण्याला माझी हरकत होती. त्याने वेगळा तवा आणला. खडे निळे झाले की बटव्यांत भरायचे आणि गरम असतानाच पेटीत ठेवायचे. त्या तव्याला तापल्या कापडासारखा, किंचित तेलकट असा एक वास यायचा. तो वास लक्षात ठेवावा, ही विनंती.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात रामटेकच्या पुढे एका रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, त्याची जीप पाण्यात सापडली. जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढली. अनिकेत खाली दीड कोसावर सापडला.

कंपनीचा अहवाल एका पानाचा होता. त्यातले वाक्य मला पाठ आहे: ‘चालकाने पाणी चढत असताना रपट्यावर विनाकारण वाहन उभे केले, सदर घटना चालकाच्या हयगयीमुळे घडली.’

विनाकारण! ज्या मुलाने बोल्टची तोंडेसुद्धा विचार करून आत घेतली, तो भर नाल्यात विनाकारण गाडी उभी करील? इंजिन बंद पडले असणार. मी लिहिले, पुन्हा लिहिले; रामदासपेठेतल्या त्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन प्रत्येक पत्राची पोच घेतली. मला भरपाई नको होती. माझ्या मुलाच्या नावापुढचे ते दोन शब्द मला काढून हवे होते.

पुरावा पेटीतच होता. जीप आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली आणली होती. पण ती पेटी मी एकट्याने उघडली असती तर कंपनी म्हणाली असती की चित्रणात फेरफार झाला. म्हणून मी शेजारचे निवृत्त शिक्षक वानखेडे सर आणि महादेव यांना पंच म्हणून बोलावले. त्यांच्यासमोर झाकण उघडले, आतल्या वस्तूंची यादी केली आणि कशालाही हात न लावता झाकण पुन्हा बंद केले. दोन्ही कुलपे, त्यांवर कागदी पट्ट्या, पट्ट्यांवर तिघांच्या सह्या, वर लाख. किल्ल्या सीलबंद पाकिटात घालून माझ्या कपाटात.

पंचनामा माझ्या हस्ताक्षरात आहे. त्यातली नववी नोंद: ‘कापडी बटवे, नग सात, ओलसर, आतील खडे पूर्णतः गुलाबी. झाकणाच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब.’

महादेव तेव्हाच म्हणाला होता, “काकाजी, मशीन बाहेर काढा. वाळवा. असं बंद केलं तं दोन महिन्यांत जंग खाऊन जाते.”

हीही दारात उभी होती. “अहो, तो काय सांगे? पाणी गेलं की पहिले उघडा म्हणे. काहून बंद करता? उघडा नं...”

“पुरावा आहे तो,” मी म्हणालो. “कंपनीचा माणूस आल्याशिवाय उघडणार नाही.”

कंपनीचा माणूस चौदा महिने आला नाही.

त्या चौदा महिन्यांत आमच्या घरात अधूनमधून तो वास येई. तापल्या कापडाचा. मी पुढच्या खोलीत पत्रे लिहीत बसलेला असे आणि वास आला की ओरडत असे, “शैला, तवा गॅसवर राहिला!” ही येऊन म्हणे, “मी तवा ठेवलाच नाही जी.” गॅस बंद असे. मी मानले नाही. रोजच्या डायरीत मी नोंद करीत गेलो — ‘स्वयंपाकघरात पुन्हा हयगय.’ होय, तोच शब्द. मला तेव्हा काहीच वाटले नाही.

शेवटी कंपनीचे उत्तर आले: पेटीतील साहित्य निकामी समजून नोंदवहीतून कमी केले आहे, त्यावर कंपनीचा दावा नाही. म्हणजे कोणाच्या हजेरीची गरजच उरली नव्हती. ती कधीही नव्हती, असे ही म्हणाली. मी पंचांना निरोप धाडला.

पंचांच्या सोयीने रविवारी सकाळी अकरा वाजता पेटी उघडायचे ठरले. त्या दिवशी साडेनऊच्या सुमारास वास आला. मी हिच्याकडे पाहिले. ती माझ्यासमोरच बसून होती, मेथी निवडत.

लाख शाबूत होती. पट्ट्यांवरच्या तिन्ही सह्या शाबूत होत्या. मी भिंगाने तपासल्या. भिंग कचेरीतले आहे. पाकीट फोडले, किल्ल्या काढल्या, झाकण उचलले.

आत ओलीचा वासही नव्हता. फोम कोरडा. यंत्रांवर गंजाचा ठिपका नाही. वानखेडे सर यादी वाचत गेले आणि नववी नोंद वाचताना थांबले.

“गुलाबी लिहिलंय हो तुम्ही.”

सातही बटव्यांची तोंडे मी सोडली. खडे निळे होते. गडद निळे, नुकतेच परतल्यासारखे. महादेवने एक बटवा तळहातावर घेतला आणि लगेच दुसऱ्या हातात टाकला.

“काकाजी... हे तं गरम आहे.”

मी हात लावला. गरम होता. लोखंड उन्हाने तापले म्हणावे तर शेड सावलीत आहे आणि पेटीचे पोलाद हाताला थंड लागत होते. मी ते चारदा तपासले. मग पत्नीला बोलावून तिची उलटतपासणी घेतली, हे कबूल करतो. पेटी कोणी उघडली? किल्ली कोणाकडे होती? तिने सातही बटवे पदरात घेतले आणि पोटाशी धरून तिथेच पायरीवर बसली.

“रविवार आहे नं आज,” एवढेच म्हणाली.

मी आत जाऊन डायरी काढली. ‘हयगय’ अशा एकोणतीस नोंदी होत्या. सगळ्या रविवारच्या. एकाआड एक रविवार, एकही चुकलेला नाही.

चित्रण वानखेडे सरांच्या संगणकावर लागले. काचेतून रपटा दिसतो; दगडांवरून पाण्याचा पातळ थर वाहतो आहे, चाके सहज जातील इतका. जीप मध्यावर आली आणि फोन वाजला.

तो माझा फोन होता.

तो मी केला होता हे मला ठाऊक होते. माझ्या प्रत्येक निवेदनात त्याचा उल्लेख आहे — ‘त्या वेळी वाहन रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे होते.’ मी तसे समजत होतो. कारण आमच्या घरात माझा नियम होता: गाडी चालवताना माझ्याशी बोलायचे नाही, आधी थांबायचे. आणि अनिकेत चित्रणात म्हणतो, “थांबलो बाबा. बोला.”

इंजिन बंद झाल्याचा आवाज आहे. बंद पडल्याचा नाही... बंद केल्याचा.

मी अकरा मिनिटे बोललो. कंपनीचे साहित्य खासगी पेटीत ठेवतोस, पण त्याची लेखी पावती घेतली नाहीस, उद्या काही झाले तर जबाबदार कोण... त्याने फोन स्पीकरवर घेतला होता; माझा आवाज त्या खोलीत घुमत होता आणि चित्रात दगड एकेक करून दिसेनासे होत होते. एकदा तो म्हणाला, “बाबा, पाणी वाढून राहिलं, मग बोलू का?” ती मी सबब समजलो आणि म्हणालो, “तुझं नेहमीचंच आहे. पूर्ण ऐक.” त्याने पूर्ण ऐकले.

माझे शेवटचे वाक्य: “जोवर कोणी पोच देऊन माल ताब्यात घेत नाही, तोवर तो तुझ्या ताब्यात. सांभाळायची जबाबदारी तुझी.”

“हो बाबा. माझी जबाबदारी.”

त्यानंतरचे मी लिहिणार नाही.

महादेव उठून बाहेर गेला. ही म्हणाली, “खोटं नाही बोलला तो. थांबलो म्हणे... थांबला होता.” तिच्या आवाजात माझ्यासाठी राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला शेवटचे पत्र लिहिले. इंजिनाविषयीची माझी सर्व विधाने मागे घेतली आणि अहवालात ‘विनाकारण’ या शब्दाऐवजी ‘वडिलांचा फोन घेण्यासाठी’ असे, आणि ‘चालकाच्या’ या शब्दाऐवजी माझे पूर्ण नाव घालावे अशी विनंती केली. उत्तर आलेले नाही.

मग आणखी एक कागद केला. मला येते ते एवढेच. नेहमीच्या नमुन्यात, तारीख घालून: ‘चि. अनिकेत यांजकडून पेटीतील सर्व साहित्य, यादीप्रमाणे, कोरडे व सुस्थितीत मिळाले. यापुढे त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी नाही.’ खाली सही केली. हिने तिची सही केली. ती पोच मी पेटीत, बटव्यांच्या मधे ठेवली आणि झाकण लावले. कुलूप लावले नाही.

त्याला आता बरेच रविवार झाले. आम्ही दोघे सकाळी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसतो. मी पत्रे लिहीत नाही. वास येत नाही. गेल्या रविवारी पेटी उघडून पाहिली. खडे फिकट गुलाबी झाले होते.

सीलबंद पेटीतले खडे चौदा महिने कोणी परतले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पंचनामा, पट्ट्या, डायरी, सर्व कागद तपासणीस हजर करण्यास मी बांधील आहे. ज्याला स्पष्टीकरण सुचेल त्याने कळवावे.

मात्र एक गोष्ट कोणत्याही कागदावर नाही, ती येथे नोंदवतो. ती पोच इतक्या लवकर द्यायला नको होती, असे हिला वाटते. मलाही.