सुलूअक्काचं हेलिकॉप्टर

सुलूअक्का दूध परत करायची तेव्हा कधी ओरडायची नाही. कॅनचं झाकण स्वतः दोन्ही हातांनी नीट लावायची, कॅन माणसापुढे सरकवायची आणि खालच्या आवाजात एवढंच म्हणायची, "आज न्हाई." बस्स. पाणी घातलंय, शिळं मिसळलंय, यातलं एक अक्षर चारचौघांत काढायचं नाही. माणूस खाली मान घालून कॅन उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी चांगलं दूध आणायचा. वडवणीच्या रस्त्यावर आमच्या सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. तिथं मी कॉम्प्रेसर सांभाळायचो आणि अक्का दूध तपासायची. शिव्या घाला, दोन फटके मारा, पण अक्काचं 'आज न्हाई' नको, असं म्हणणारे गवळी मी कितीतरी पाहिलेत.

ठेंगणी, सावळी, अंगात डागाळलेला पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात दुधात तरंगणारी ती काचेची नळी, लॅक्टोमीटर. तिचे सख्खे मामा, बापूमामा, त्याच केंद्रावर दूध घालायचे. त्यांचा कॅनही तिनं परत केलेला. मामा महिनाभर बोलले नाहीत. मी म्हटलं, "अक्का, घरच्या माणसाला तरी सांभाळून घ्यावं." तर म्हणाली, "काचेला नातं कळत न्हाई, भागवता. म्हणून तर तिच्यावर इश्वास ठेवायचा."

पण ती कोरडी होती असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. दुष्काळाचं साल होतं. तलाव आटलेले, बायाबापड्या टँकरमागं पळायच्या. मी चेष्टा करायचो, "औंदा कुणी दुधात पाणी घातलं तर उपकारच मानू, पाणी लई महाग हाय!" तिला हसू यायचं नाही. एकदा एका म्हातारीचं दूध पातळ निघालं आणि रांगेत कुजबूज सुरू झाली. अक्कानं काच पुन्हा बुडवली, दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यात पाणी न्हाई. जनावर उपाशी हाय." मग म्हातारीला जवळ घेऊन चारा छावणीत गाय कशी न्यायची ते सांगत बसली. तेवढ्या एका दिवशी मी तिचा मोठा आवाज ऐकला.

तिचं लग्न झालं नव्हतं. आईवडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला, मिलिंदला, तिनंच वाढवलं. पोरगं हुशार. ते हेलिकॉप्टरच्या देखभालीचं शिकलं आणि दूर एका खासगी कंपनीत लागलं. नेतेमंडळींना घेऊन हिंडणारी हेलिकॉप्टरं त्याच्या हाताखालून जायची. आमच्याकडे दुष्काळ बघायला एकदा असं हेलिकॉप्टर आलं, तेव्हा धूळ उडू नये म्हणून माळावर आख्खा टँकर ओतला होता. अक्का घागर घेऊन त्याच टँकरची वाट बघत उभी होती. तिनं फोनवर मिलिंदला झाडलं, "तुझ्या त्या यंत्रानं माझं पाणी पिलं रे!" तो हसून म्हणाला, "अक्का, मी तुला बिनपाण्याचं हेलिकॉप्टर आणून देतो."

आणि खरंच आणलं. हातभर लांबीचं, निळं-पांढरं, कंपनीतल्या हेलिकॉप्टरची हुबेहूब प्रतिकृती. दारं, खिडक्या, आतल्या खुर्च्यासुद्धा. रिमोटवर उडायचं. पगारातून एकेक भाग घेऊन त्यानं स्वतः जुळवलेलं. सुट्टीत आला की बहीणभाऊ पाझर तलावाच्या कोरड्या पोटात जाऊन ते उडवायचे. पडून मोडू नये म्हणून खाली बांबूच्या कामट्या बांधून त्यानं अक्कालाही शिकवलं. पन्नाशीकडे झुकलेली बाई जीभ दाताखाली धरून रिमोट चालवतेय, हे बघायला छावणीतली माणसं जमायची. ती एवढी खूश मला पुन्हा कधी दिसली नाही.

त्या हेलिकॉप्टरचं दुखणं शेपटीत होतं. डोक्यावरची मोठी पाती एका बाजूला फिरली की धड उलट्या बाजूला गरगरायला बघतं. त्याला रोखून धरायचं काम शेपटीवरच्या छोट्या पंख्याचं. तो पंखा फिरवायला आत एक दातेरी पट्टा होता. आमच्या फुफाट्यात पट्ट्याचे दात निसटायचे, पंखा मंदावायचा आणि हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरत खाली यायचं. शेवटच्या सुट्टीत मिलिंदनं ठरवलं की पट्टा काढून खऱ्या हेलिकॉप्टरसारखी दांडी टाकायची. पुढची पेटी, म्हणजे दांडीला फिरवणारी दातेरी चाकं, त्यानं बसवली. दांडी आणि मागची पेटी पार्सलनं यायची होती. जाताना म्हणाला, "पुढचं माझं काम झालं, अक्का. पार्सल आलं की मी येतो. उरलेलं दोघं मिळून बसवू."

तो आलाच नाही. पार्सल निघाल्याचं कळलं म्हणून सुट्टीवर यायला निघाला आणि रस्त्यातच अपघातात गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्याच आठवड्यात पार्सल आलं. त्यावर त्याचं नाव. घेऊन येणाऱ्याला अक्का म्हणाली, "द्या, मी सही करते. तो बाहेर गेलाय."

मला वाटलं होतं, ते खोकं ती ट्रंकेत लोटून देईल. पण तिनं दांडी बसवायला घेतली. रविवारी सकाळी ओसरीवर चटई टाकायची, चष्मा पुसायचा, बारके स्क्रू स्टीलच्या ताटलीत काढायचे. मी पकडायला, धरायला. दांडी शेपटीच्या नळीत सरळ बसली, मागची पेटी बसली. आम्ही तलावात गेलो. जमिनीपासून वीतभर उचललं नाही तोच ते असं गरगरलं की कामट्या मोडून पडल्या.

चार दिवस मी डोकं खाजवलं. कॉम्प्रेसरवरचा माणूस मी, मोटार उलटी फिरली की कशी बोंब होते ते मला ठाऊक. पट्ट्याच्या काळात मिलिंदनं शेपटीवर पेन्सिलीनं एक बाण काढला होता, पंखा कुठल्या बाजूनं फिरायला हवा ते दाखवणारा. पंखा बाणाच्या उलटा फिरत होता. मागं सगळं बरोबर होतं. चूक पुढच्या पेटीत होती. चाक दांडीच्या वर असायला हवं, ते खाली बसलं असणार.

मी अक्काला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो.

"ती पेटी मिलिंदनं बसवलीय."

"बसवली असंल, पण उलटी बसवलीय. हा बघ, त्याचाच बाण हाय."

"त्यानं खरी हेलिकॉप्टरं उघडलीत, भागवता. तू आइसक्रीमची मशीन चालवतू."

आइसक्रीम! बारा गावचं दूध गार करणारा माणूस मी! पण बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं बाकीचं जग उलटं करायला घेतलं. शेपूट कुठं चाललंय ते ओळखून पंख्याला हुकूम देणारी एक डबी असते, तिची सगळी जुळवणी तिनं उलटी केली. पंख्याची पाती तेवढी उलटी बसेनात, ती तशीच पाठमोरी फिरत राहिली. वारा पडलेला असला की हेलिकॉप्टर थरथरत उभं राहायचं. वाऱ्याची झुळूक आली की शेपूट सुटलंच. पडायचं, मोडायचं, ती घरी नेऊन जोडायची. मी विचारलं, "कावून जिवाला त्रास करून घेती?" तर म्हणाली, "शेवटचं त्याच्या हातचं तेवढंच हाय. बाकी सगळं मीच उघडून बसलेय." मला रडू आलं आणि मी पाना शोधायच्या निमित्तानं उठलो.

मग एक दिवस बापूमामांचा कॅन आला. छावणीतलं जनावर, घरात नातीचं लग्न, मामांनी पाणी घातलं होतं. अक्कानं काच बुडवली, काढली, झाकण लावलं. "आज न्हाई, मामा."

मामांचा तोल गेला. भर रांगेत ओरडले, "सख्ख्या मामाला परत धाडती! मिलिंदचा कॅन असता तं? त्याचाबी परत केला असता का?"

अक्का चटकन म्हणाली, "त्याचाबी परत केला असता."

बोलली आणि तिचा हात कॅनवरच राहिला. मामांना आपण काय बोललो ते कळलं असावं, ते कॅन तिथंच टाकून बाहेर गेले. त्या दिवशीचं उरलेलं दूध मीच तपासलं. अक्का बाकावर बसून राहिली, कोटाच्या बाहीनं तीच ती काच पुसत.

रविवारी तिनं मला बोलावलं. चटई टाकलेली, ताटली मांडलेली. "तू उघड," म्हणाली. मी स्क्रूला पेचकस लावला तर लगेच, "नको, दे इकडं." मिलिंदनं स्क्रू सुटू नयेत म्हणून पक्का डिंक लावला होता, गरम केल्याशिवाय सुटेनात. तिनं इस्त्रीचं टोक टेकवून एकेक सोडवला. झाकण निघालं. आत चाक खालच्या बाजूला होतं आणि वाळलेल्या ग्रीसमध्ये अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. रेघान्‌रेघ दिसत होती.

अक्का त्या ठशाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे, अक्का. न्हाई उडलं तं न्हाई." खरंच म्हटलं. माझंच मन फिरलं होतं.

"चूक हाय ती चूक हाय," ती म्हणाली. "त्यानंबी उघडलं असतं." मग फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून तिनं ग्रीस पुसलं आणि तिला हुंदका आवरला नाही. रडत रडतच चाक काढून वर बसवलं, नवं ग्रीस बोटानं भरलं, झाकण लावलं. पंखा बाणाच्या दिशेनं फिरला.

तलावात त्या दिवशी वारा होता. हेलिकॉप्टर डोक्याएवढं उंच उठलं आणि तिथंच थांबलं. नाक वाऱ्याकडे, शेपूट जागच्या जागी. छावणीतली पोरंसोरं ओरडायला लागली. अक्काच्या गालावरून पाणी वाहत होतं पण रिमोटवरची बोटं हलली नाहीत.

"बघ रे, हलतबी न्हाई," ती म्हणाली. मला नव्हे, मिलिंदला म्हणाली.

खाली उतरवल्यावर तिनं विचारलं, "आता ह्याच्यात त्याचं काय राह्यलं?" मी शेपटीवरचा बाण दाखवला. घरी जाऊन तिनं त्यावर नखाला लावायचं बिनरंगी पॉलिश फिरवलं, तो पुसला जाऊ नये म्हणून.

पुढं संघ बंद पडला. जनावरंच उरली नाहीत तर दूध कुठलं? कॉम्प्रेसर भंगारात गेला, मी माजलगावला बर्फाच्या कारखान्यात लागलो. अक्का गावातच राहिली आणि बापूमामांनी शेवटपर्यंत तिचं पाहिलं, हे सांगायला हवं. हृदयाच्या दुखण्यानं ती गेली. शेवटी भेटलो तेव्हा हेलिकॉप्टर माझ्या हवाली करून म्हणाली, "शेपटीकडं ध्यान ठेव." एवढंच. मी घरी येताना एस.टी.त ते मांडीवर घेऊन बसलो होतो.

आता ते माझ्या कपाटावर आहे. पुढच्या पेटीतून खरखर येते. अक्कानं बोटानं भरलेलं ग्रीस वाळलंय, चाकाचे दात झिजलेत. माझ्या मुलाला या यंत्रांची आवड आहे. दर सुट्टीत तो म्हणतो, "बाबा, ती पेटी उघडू, जुनं ग्रीस पुसून चाक बदलू. दोन तासांचं काम हाय. पुन्हा उडंल." बरोबर बोलतो पोरगा. हेच मी अक्काला सांगत होतो की.

मी हेलिकॉप्टर त्याच्या हातातून दोन्ही हातांनी काढून घेतो, परत कपाटावर ठेवतो आणि म्हणतो, "आज न्हाई."