गडाच्या वाटेवर
उन्हात तापलेल्या कातळाचा वास आला, की हरसूलकडच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते. ऐन चैत्रात एक परदेशी जोडपं साध्या चपलांवर, पाण्याची एकच बाटली घेऊन गड चढायला निघालं. "लय ऊन हाय, नका जाऊ," आई म्हणाली. त्यांना भाषा कळली नाही, दोघं हसून पुढे गेली. दुपारी गावकऱ्यांनी नवऱ्याला झोळीतून खाली आणलं, तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. बायको मात्र त्याच्या ओठांवर पाणी सोडतच राहिली. आईने तिला पोटाशी धरलं. "रड माय, रड," म्हणाली, तेव्हा कुठे तिचा हंबरडा फुटला. त्यानंतर गडाकडे निघालेलं परदेशी माणूस दिसलं, की आई वाटेत आडवी उभी राहायची. आता आई नाही. वाट मोकळी असते.