पाच-वीस चौदाचे पाच टायर

टायरच्या बाजूवर आकडे असतात, हे बहुतेक गाडीवाल्यांना टायर बदलायच्या दिवशीच कळतं. माझं पोट त्या आकड्यांवर चालतं. पाच-वीस चौदा म्हणजे टायर पाच इंचांहून किंचित जास्त रुंद आणि आतली रिम चौदा इंचांची. घाटकोपरच्या दुकानात मी लागलो तेव्हा या साईजचे टायर दारातच रचलेले असायचे, कारण जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या त्याच्यावरच धावायच्या. टॅक्स्या एकेक करून भंगारात गेल्या आणि त्यांच्यामागे टायरही गेले. आता कुठे ते बनत असतील तरी आमच्यापर्यंत पोचत नाहीत. राहिली ती बापाची, सासऱ्याची जुनी गाडी जपून ठेवणारी माणसं. ती फोन करतात, टायरचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "असेल का हो एखादा, मागे कुठेतरी?"

मी चंद्रपूरच्याही पुढचा. आठवी अर्धी टाकून मुंबईला आलो. दुकानाचे मालक मालवणकडचे, त्यांना मी काका म्हणतो. त्यांनी मला माळ्यावर झोपायला जागा दिली, हातात टॉमी दिली, म्हणजे रिममधून टायर उचकटायची ती लोखंडी पट्टी, आणि पहिली दोन वर्षं माझ्या प्रत्येक चुकीला शिव्या दिल्या. मला टायफॉइड झाला तेव्हा काकी तीन आठवडे डब्यातून पेज पाठवत होत्या. माझ्या घरच्यांना आजही वाटतं की मला मुंबईत सख्खं कुणीतरी आहे. मला मात्र कायम धाकधूक असायची. कुठल्यातरी चुकीपायी ही जागा जाईल आणि मी परत गावी, हात हलवत. काही बिघडलं की मी गप्प बसतो. हे सांगतोय कारण पुढचं सगळं त्या गप्प बसण्याचंच आहे.

मुलुंडचे एक निवृत्त साहेब आमच्याकडे बरीच वर्षं येत. क्रीम रंगाची जुनी गाडी, वडिलांनी घेतलेली, आतून अजून स्वच्छ. दर रविवारी सकाळी ते बायकोला घेऊन विक्रोळीला तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचे. बहीण अंथरुणाला खिळलेली. बाईंचे गुडघे गेलेले, रिक्षात पाय उचलत नसे आणि नव्या उंच गाड्यांत चढायला त्यांना शरम वाटे. "या गाडीची सीट माझ्या गुडघ्यांच्या मापाची आहे," असं त्या एकदा मला हसत म्हणाल्या होत्या.

टायर घासून गुळगुळीत झाले तेव्हा काकांनीच साहेबांना सांगितलं, "साहेब, आता गाडी काढू नका." आधी आम्ही जरा रुंद, आजच्या साईजचे टायर लावून पाहिले. वळवताना ते मडगार्डला घासायचे आणि स्टिअरिंग इतकं जड झालं की साहेबांना ते फिरवेना. ते काढले. गाडी बिल्डिंगच्या आवारात उभी राहिली ती जवळजवळ आठ महिने. बहिणी फोनवर बोलायच्या. मग थोरलीला ऐकू येईनासं झालं आणि तेही थांबलं.

साहेब दर आठवड्याला फोन करायचे. "काय रे, काही हाती लागलं?"

"शोधतोय साहेब."

खरंच शोधत होतो. दिंडोशीला एका जुन्या गॅरेजमागे दोन मिळाले, त्यांना उंदरांनी कुरतडलं होतं. अंधेरीच्या एका शूटिंगला गाड्या पुरवणाऱ्याने सरळ सांगितलं, असतील तरी देणार नाही, मलाच लागतात. शेवटी बातमी आली वाकोल्याहून. एक टायर-बॅटरीचं दुकान मालक वारल्यावर बंद पडलं होतं आणि त्याची बायको माळा रिकामा करत होती.

नेमके तेव्हा काका गावी होते. भावकीत मयत झालं होतं, बाराव्यापर्यंत थांबणार होते. मी एकटाच गेलो. माळा अंधारा, कोरडा. कोपऱ्यात पाच टायर, त्यांना कंपनीची कागदी पट्टी तशीच गुंडाळलेली. पट्टी सोडली तर रबराचे बारीक केस उभे. साच्यातून निघाल्यावर नव्या टायरला असतात ते, शंभर मैल चालला की झडून जाणारे. मी त्यांच्यावरून हात फिरवला. आकडा वाचला, पाच-वीस चौदा. इतका आनंद झाला हो मला. काका येतील तेव्हा म्हणतील, झिला, तू तयार झालंस.

बनावटीचा शिक्का मी बघितला नाही असं नाही. काकांनी शिकवलं होतं की तिथे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या टायरांवर तीनच आकडे होते. मला वाटलं, चौथा साच्यातून नीट उठला नसेल. पाचही टायरांवर तीनच आकडे होते आणि तरी मला तसंच वाटलं.

साहेबांच्या गाडीला बुधवारी आवारातच टायर चढवले. टायर रिमवर बसवताना कमालीचे कडक लागले. टॉमी दोनदा सटकली, मनगट सोललं. आमच्या धंद्यात नवा टायर कडक आणि वापरलेला मऊ, हे हाताला ठाऊक असतं. म्हणून तो कडकपणाच मला खूण वाटली. मी साहेबांना म्हणालोसुद्धा, "बघा साहेब, किती कोरा माल आहे, हाताला ऐकत नाही." ते प्रत्येक चाकाभोवती फिरून बघत होते. बाई खिडकीतून म्हणाल्या, "झालं का रे? रविवारी जाता येईल ना?"

"झकास जाता येईल बाई."

चार चढवले. जुनी स्टेपनी बरी होती म्हणून पाचवा मी दुकानात परत आणला आणि काकांना दाखवायला दारातच उभा करून ठेवला.

गुरुवारी दुपारी रिमोल्डवाला आला. हा गृहस्थ झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून देतो, दुकानादुकानांतून माल गोळा करत फिरतो. साठीचा आहे, तोंडाचा फटकळ. त्याने पाचवा टायर पायाने लोळवला, मग खाली बसून शिक्का बघितला आणि मोठ्याने हसला.

"काय यार, हे शोपीस कुठून उचललंस?"

"नवा आहे. केस बघ ना त्याचे."

"केस तुझ्यापण डोक्यावर आहेत, अक्कल कुठे गेली? तीन आकडे आहेत, तीन. तेव्हा सालाला एकच आकडा टाकायचे रे. मागच्या शतकातला माल आहे हा. तुझ्या वयाचा असेल, नाहीतर तुझ्याहून मोठा." त्याने नखाने रबर दाबलं. नख बसलंच नाही. "आत सगळं वाळलंय. उभा राहील छान. पळवलास तर वरची साल सुटणार. बाकीचे कुठायत?"

"माळ्यावर," मी म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, "जाळून टाक," म्हणाला आणि गेला.

त्या क्षणी फोन उचलून साहेबांना एवढंच सांगायचं होतं की गाडी काढू नका. पण डोक्यात भलतंच सुरू झालं. साहेब काकांना फोन करतील. काकांना कळेल की माझ्यावर दुकान सोपवलं आणि मी हे केलं. त्यापेक्षा काका मंगळवारी येतायत, आले की समोरासमोर सांगू, ते काहीतरी मार्ग काढतील. रविवार मधेच येतो हे मला कळत होतं. मी स्वतःला सांगितलं, कुर्ल्यापर्यंतही नाही, विक्रोळी तर आहे, साहेब हळूच चालवतात.

काकांचा रोज दुपारी फोन यायचा, तो त्या दिवशी रिमोल्डवाला गेल्यावर आला.

"दुकान कसा चल्लाहा रे?"

"बरं आहे काका."

"जेवलंस?"

"हो."

"आवाज असो कित्याक तुझो?"

"धूळ गेली घशात."

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. त्यांचं नाव स्क्रीनवर बघून मी दोनदा वाजू दिला. त्यांना फक्त विचारायचं होतं, "हवा किती ठेवू?"

"चोवीस ठेवा साहेब."

"पुढे-मागे सारखी?"

"सारखी."

"बरं झालं बाबा तू भेटलास. ही कालपासून बहिणीसाठी काय काय करत बसलीय."

मी "हो साहेब" म्हणालो आणि फोन ठेवला. शनिवारी मी दिवसभर काम केलं, गिऱ्हाईकं नेहमीपेक्षा जास्त होती आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. साहेबच होते. आवाज अगदी शांत. "अरे, टायर गेला. हायवेला आहे, विक्रोळीच्या अलीकडे. येतोस का? आणि ही उठत नाहीये."

त्यांनी पहिला फोन टायरवाल्याला केला होता. त्यांच्या मुलाला नाही, अँब्युलन्सला नाही. टायर गेला की टायरवाल्याला बोलवायचं, चाळीस वर्षांची सवय. अँब्युलन्सला मी बाइकवर बसता बसता फोन केला.

गाडी दुभाजकावर चढून थांबली होती. पुढच्या डाव्या टायरची वरची अख्खी पट्टी सोलून निघाली होती आणि मागे रस्त्यावर लांब पडली होती. बाई पुढच्या सीटवर होत्या. शुद्धीत होत्या. उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. चेहरा घामेजून पांढरा पडला होता आणि त्या मला म्हणाल्या, "मागे डबा आहे. सांडला का बघ रे." मी बघितलं. झाकण उघडलं होतं, सीटभर घावणे पसरले होते.

"नाही सांडला," मी म्हणालो.

पोलीस आला, साहेबांनी त्याला सांगितलं की रस्त्यात काहीतरी टोकदार पडलं असावं. मी शेजारी उभा होतो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, या वयात चालतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

काका मंगळवारी सकाळी आले. दारातला पाचवा टायर त्यांनी बघितला, बॅग खाली न ठेवताच वाकले आणि शिक्क्यावर अंगठा फिरवला. मी सगळं सांगितलं. वाकोला, बुधवार, रिमोल्डवाला, सगळं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"गुरवारी मी फोन केलंय तेव्हा तुका ठावक होता?"

"हो."

"शुक्रवारी?"

"हो काका."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

तुम्ही मला काढाल म्हणून, हे तोंडावर कसं बोलणार? त्यांनी शटर खाली ओढलं. "चल. थंय जावन सांगूया."

साहेब घरी कपडे न्यायला आले होते, मुलाला हॉस्पिटलात बसवून. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या पुढे केल्या. काका बसले नाहीत म्हणून मीही बसलो नाही. काका म्हणाले, "साहेब, टायर जुने होते. चूक आमच्या दुकानाची." दुकानाची म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, आणि उरलेलं मी बोललो.

साहेब बराच वेळ हातातल्या साडीची घडी करत राहिले. मग विचारलं, "गुरुवारी कळलं तुला?"

"हो साहेब."

"मी शुक्रवारी फोन केला होता."

"हो."

"चोवीस म्हणालास तू मला."

ते ओरडले असते तर मी पाय धरले असते. ते ओरडले नाहीत. साडी पिशवीत घातली, कंगवा घातला आणि म्हणाले, "पोलिसांनी गाडी खाली आणून टाकलीय. उरलेले तीन काढून न्या. आणि परत कुणाला विकू नका."

आम्ही खाली जाऊन जॅक लावला. वॉचमनने विटा आणून दिल्या, गाडी त्यांच्यावर टेकवली. मी सुरी मागितली, काकांनी ती मला दिली नाही. "तू फक्त धर," म्हणाले आणि प्रत्येक टायरची बाजू त्यांनी स्वतः आरपार कापली. आतलं रबर कोरड्या मातीसारखं भुगा होऊन त्यांच्या बोटांवर पडत होतं. त्यांना धाप लागली होती. मी धरून होतो.

काकांनी मला काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. काकींनी त्या संध्याकाळी डबा पाठवला, रोजच्यासारखाच. ज्या भीतीने मी तीन दिवस तोंड मिटून बसलो, ती भीती खरी नव्हतीच. हे मला गुरुवारी कळलं असतं, एक फोन केला असता तर. काका रागावले असते, शिव्या दिल्या असत्या आणि बाई त्या रविवारी घरी राहिल्या असत्या.

मुलुंडला काही कामाने गेलो की मी त्या वॉचमनशी बोलतो. बाई वॉकर धरून बाल्कनीपर्यंत येतात, खाली उतरलेल्या नाहीत. गाडी भंगारवाल्याने नेली. विक्रोळीच्या बहिणीबद्दल मी वॉचमनला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "कोण बहीण?" दोघींची भेट झाली का, होऊ शकली का, हे साहेबांना विचारावं लागेल, आणि त्यांच्या दारात जाऊन ते विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.