ताईंचे हिंदीतले जबाब

प्रभाताईंच्या अपिलाची सुनावणी मंगळवारी होती. रविवारी सकाळी ताई गेल्या.

ताई माझ्या मोठ्या नणंद. एरवी मी त्यांना ताईच म्हणायची, भांडण झालं की मात्र 'वन्सं'. माझे यजमान गेल्यापासून भोपाळच्या इंद्रपुरीतल्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. ताईंनी जवळच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवलं. संधिवातानं आधी त्यांची बोटं वाकली, मग गुडघे धरले. खडू हातात राहीना, तेव्हा शाळेच्या संस्थेनं त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं आणि अपंगत्वाचं निवृत्तिवेतन सुरू केलं. घर त्यावरच चालायचं. ते बंद झालं तर ताईंनी पुण्याला भाच्याकडे जायचं आणि मी नागपूरला भावाकडे, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं...

आणि ते बंद झालं. एका अर्थी ताईंनी स्वतःच्या हातानं बंद केलं. दुखणं घरी ठेवून बाहेर पडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. फेरतपासणीला बोलावणं आलं, तेव्हा मी त्यांना खळ केलेली सुती साडी नेसवली, निऱ्यांना पिना लावल्या, अंबाडा घातला. त्यात अर्धी सकाळ गेली. वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कैसी हैं मैडम?" ताई म्हणाल्या, "बहुत बढ़िया. आप खड़े क्यों हैं, बैठिए न." तेही डॉक्टरांच्याच खोलीत! पुढचा प्रश्न आला, "चाय-वाय बना लेती हैं?" "बिलकुल. कभी घर आइए, श्रीखंड खिलाऊँगी." आमच्या घरात चहा मी करते, आणि ताईंचा कप दोन्ही बाजूंनी धरून त्यांच्या ओठांशी नेते. पण पाहुण्यासारख्या बोलणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? अहवालात आलं, पोशाख नीटनेटका, बोलणं उत्साही, बैठं काम करण्यास सक्षम.

तिवारीजी शाळेतले जुने सहकारी. शिक्षकांची अपिलं तेच लिहून देतात. अहवाल वाचून त्यांनी चष्मा काढला. "मैडम, आप वहाँ जाँच कराने गई थीं कि रिश्ता पक्का करने?" सगळ्यांत जास्त ताईच हसल्या. तिवारीजी हसले नाहीत. "अबकी बार बुरे दिन का हाल बताइए. और श्रीखंड का न्योता मत दीजिए."

अपिलाच्या सुनावणीत डॉक्टर पुन्हा हेच विचारणार, म्हणून आमची तालीम सुरू झाली. दुपारची भांडी आटोपली की जेवणाच्या टेबलाशी मी डॉक्टर व्हायची.

"ब्लाउजची हुकं लावता येतात?"

"येतात."

"ताई!"

"अगं, वेळ दिला तर येतात. संध्याकाळपर्यंत."

"केस कोण विंचरतं?"

"सुमती, पुरुष डॉक्टर असलं काही विचारतो का?"

"विचारलं तर काय सांगाल?"

"सांगेन, माझी भावजय विंचरते आणि ओढून ओढून टक्कल पाडते."

असंच चालायचं. मी चिडायची. म्हणायची, "वन्सं, जा मग पुण्याला, भाचेसुनेला सांगा असले विनोद." मग माझं मलाच वाईट वाटायचं. तारीख जवळ आली तसं माझं जेवण कमी झालं. टपालवाल्याची सायकल दिसली की हातातलं काम टाकून मी दाराशी जायची. त्याच सुमाराला एकदा मी विचारलं, "आंघोळ?" ताईंनी मनगटानं पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, "हे मराठीत नको विचारूस. हिंदीत विचार."

मी विचारलं, "नहा लेती हैं आप?"

"नहीं."

"कौन नहलाता है?"

"मेरी भाभी."

इतकी वर्षं भोपाळमध्ये राहूनही आम्ही दोघी एकमेकींशी हिंदी कधी बोललो नव्हतो. हिंदी भाजीवाल्याशी, बँकेत, रिक्षावाल्याशी. त्या दुपारपासून आम्ही समोरासमोर बसून हिंदीत बोलू लागलो, आणि एकाच घरात राहून मला ठाऊक नसलेल्या गोष्टी कळत गेल्या. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून त्या दिवसभर पाणी टाळायच्या. मी बाजारात गेले की दाराची बेल वाजली तरी बसून राहायच्या, घरात कोणी नाही असं समजून माणूस परत जावा म्हणून. "डर लगता है," त्या म्हणाल्या. मी पुढचा प्रश्न विसरले. त्यांनीच आठवण करून दिली, "डॉक्टर साहब, आगे पूछिए."

काळजीनं त्या गेल्या असं मी म्हणणार नाही. ताप आला, तो छातीत उतरला. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. इस्पितळातही त्या तारीख विचारत होत्या. पुढे ढकलता येईल का, तिवारीजींना फोन केलास का... शनिवारी सिस्टरनं वाकून विचारलं, "अब कैसा लग रहा है, अम्मा?" ताईंनी मास्क थोडा बाजूला केला. "ठीक नहीं है," म्हणाल्या, अगदी स्पष्ट. आणि माझ्याकडे पाहिलं, उत्तर बरोबर आलं की वर्गातलं मूल बाईंकडे बघतं तसं.

ताईंचे दिवस झाल्यावर तिवारीजी आले. आता प्रकरण बंद होईल, असं मी धरून चालले होते. ते म्हणाले, "वारिस की तरफ़ से चल सकता है, भाभीजी. पर बोलना आपको पड़ेगा." चार लोकांत मी कधी बोललेली नाही. वाचन मंडळात साधं आभारप्रदर्शनही मी दुसऱ्यावर ढकलते. पण त्या अहवालात ताई अजून काम करण्यास सक्षम आहेत, आणि तसं राहू द्यायला माझं मन तयार होईना. मी हो म्हटलं.

नवी तारीख अजून आलेली नाही. दुपारी मी टेबलाशी बसते आणि ताईंची आंघोळ, त्यांचे केस, त्यांनी न प्यायलेलं पाणी, सगळं मोठ्यानं हिंदीत सांगून बघते. मध्येच अडखळते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. हे सगळं पाहिलेलं माणूस आता मी एकटीच आहे.