अंगठ्यावर पडलेलं मटण

यूरिक ॲसिड वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि माझ्या जेवणाचे सगळे अधिकार बायकोकडे गेले. पथ्याचा कागद तिने फ्रिजवर चिकटवला. मटण, कलेजी, पाया, बिअर बंद. दुधी, दोडका, पडवळ सुरू. शिवाय पाणी इतकं, की चाकणच्या कंपनीत माझी निम्मी शिफ्ट बाथरूमच्या वाटेवर जायची. सांगवीतल्या आमच्या सोसायटीत ती कौतुकाने सांगायची, "ह्यांनी फार मनावर घेतलंय हो."

घेतलंच होतं, आखाडापर्यंत. श्रावण लागायच्या आधी चऱ्होलीच्या एका सहकाऱ्याने शेतावर मटणाचा बेत केला. "एवढ्या-तेवढ्यानं काय व्हतंय राव?" म्हणत त्याने रस्सा वाढला. हा वैद्यकीय सल्ला मात्र मला लगेच पटला. वर कलेजी मी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून घरी आलो तो पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल. चादरीचा स्पर्शही सोसवेना. बायकोने विचारलं तेव्हा माझ्यातला शूर पुरुष बोलला, "कंपनीत पायावर लोखंड पडलं."

वाटलं, ती हळद लावेल आणि विषय संपेल. तिने थेट माझ्या मॅनेजरला फोन लावला. "माणसाच्या पायावर लोखंड पडतं आणि तुम्ही त्याला बसने घरी पाठवता?" माझी बाजू घेऊन ती इतकी कधीच कुणाशी भांडली नव्हती.

आमच्या गेटवर बिनअपघाताचे दिवस मोजणारा फलक आहे. त्यावर शून्य लागलं. सेफ्टी ऑफिसरने कंपनीच्या लॉकरमधले माझे बूट तपासले. आत लोखंडी कवच असलेल्या त्या बुटांवर साधा ओरखडा नव्हता. दुसऱ्या एखाद्याने माझं खोटं तिथेच पकडलं असतं. या हुशार माणसाने माल उचलणारी फोर्कलिफ्ट बाजूने लागली असणार, असा शोध लावला. आमच्या लाइनवर फोर्कलिफ्ट चालवणारा लातूरकडचा होता, कंत्राटावरचा. त्याला गाडीवरून उतरवून ऑफिसबाहेर बसवलं. चौकशी झालेल्या कंत्राटी माणसाला पुन्हा कामावर घेत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी उशीवर पाय ठेवून दुधीचं सूप पीत राहिलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "साहेब, गाडी लागल्याचं मला तर काई कळलं न्हाई. पण लागली असंल तर माफी करा. माझ्याच ध्यानात आलं नसंल."

न केलेली चूक त्याने कबूल करून टाकली होती. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बायको समोरच बसली होती. तिच्यादेखत म्हणालो, "तुमची गाडी लागली नाही. मी मटण खाल्लं होतं."

बायकोने रिक्षा बोलावली आणि मला कंपनीच्या गेटपर्यंत आणून सोडलं. दुपारच्या शिफ्टच्या मीटिंगमध्ये एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल अशा थाटात मी सगळं सांगितलं. हशा पिकला. "भावा, किती पीस हाणले?" मागून कुणीतरी विचारलं. मॅनेजरने मेमो हातात ठेवला.

फोर्कलिफ्टवाला हसला नाही. जवळ येऊन त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पथ्य पाळत जावा साहेब," तो म्हणाला. "तीन दिस झाले, मला घास उतरंना."