धुराला वाहिलेला चुना

मी चुना सोडायचा नवस बोलले तेव्हा चौलच्या आमच्या आळीतल्या सगळ्या हसल्या. सुपारीच्या वाडीत राहायचं आणि विड्याला चुना नाही! पण यांची नोकरी पार विदर्भात, वीज केंद्रात, धूर धुण्याच्या नव्या प्लांटवर. "प्लांट सुरू झाला की कायमचा घरी," म्हणाले होते. मी देवीला सांगितलं, तोवर माझा चुना यांच्या धुराला. तेव्हापासून किस्से साठतच गेलेत.

*

एकदा फोनवर विचारलं, धूर धुतात तरी कसा?

"कोळशातलं गंधक जळलं की विषारी वायू होतो. उंच टाकीत त्या धुरावर चुनखडीच्या पाण्याचे फवारे मारायचे. वायू पाण्यात उतरतो, खाली जिप्सम उरतं."

"म्हणजे माझा चुना कामी आला."

"चुना नाही गं, चुनखडी. ती भाजलेली नसते."

"देवी घेईल समजून."

*

शेजारच्या झुबेदाभाभीचा नवरा कुवेतला. माझा विडा बघून म्हणाली, "चुन्याबिगर पान म्हंजे नवऱ्याबिगर सासर!" मग स्वतःच अडकित्ता उचलला. बराच वेळ आम्ही दोघी नुसती सुपारी कातरत बसलो.

*

दिवाळीला हे चार दिवस आले. तिकडे प्लांटच्या चाचणीत चुनखडीच्या पाण्याचा आंबटपणा दर तासाला तपासायची सवय. आरतीत मोबाइलचा गजर वाजला, तर हे पंचामृताची पळी उजेडाकडे धरून उभे. चाखली आणि म्हणाले, "चुनखडी वाढवा."

भटजींनी मुकाट्याने साखर घातली.

*

शेवटी प्लांट सुरू झाला. व्हिडिओ कॉलवर चिमणीतून पांढरीशुभ्र वाफ निघताना दिसली. मी मोबाइललाच निरांजन ओवाळलं. चुना लावलेले दोन विडे तबकात तयार होते.

"ऐक ना," हे म्हणाले, "दुसऱ्या युनिटचं कामही मलाच दिलंय."

एक विडा झुबेदाभाभीला दिला. दुसऱ्याचा चुना पुसून टाकला.

*

पुढच्या आठवड्यात यांच्या मित्राने एक पिशवी आणून दिली. धुरातून निघालेलं पहिलं जिप्सम. उन्हात वाळवलं तर रांगोळीसारखं मऊ! यांच्या जुन्या चपलांचं माप घेऊन उंबऱ्यापाशी पावलं काढली, फोटो पाठवला.

यांनी लगेच फोन केला. "आत येणारी काढलीस ना?"

तुमचंही कोणी लांब असेल, तर एखादी आवडती गोष्ट सोडून बघा. छोटीशीच. आणि पावलं काढाल तेव्हा बोटं घराकडे ठेवा.